प्रचारसभेत जीभ सुटते तेव्हा व्यासपीठावरचे काय करतात?

बांधावरचा

नमस्कार मंडळी. आमच्याकडे ग्रामपंचायतीची निवडणूक लागलीय. पॅनेलं बांधून झाली, अर्ज भरून झाले, आणि परवा मला एका पॅनेलच्या बैठकीचं बोलावणं आलं. मी गेलो नाही. का गेलो नाही हे सांगायचं तर मागच्या निवडणुकीपासून सुरुवात करावी लागेल, म्हणून हा धागा.

सांगली जिल्ह्यातलं साडेतीन हजार वस्तीचं गाव. माझं खतं-औषधांचं दुकान आहे, थोडी शेती आहे. मागच्या वेळी सरपंचपद थेट जनतेतून होतं आणि महिलेसाठी राखीव होतं. समोरच्या पॅनेलकडून माझी चुलत वहिनी उभी होती. दहा-बारा वर्षं बचत गटाचं काम केलेली, बँकेत बायकांची खाती उघडून देणारी बाई. मी दुसऱ्या पॅनेलमध्ये होतो. आमचे गट वडिलांच्या काळापासून वेगळे, त्यामुळे त्यात कुणालाच काही वाटत नव्हतं. भावाची आणि माझी विहीर सामाईक आहे. सकाळी मोटार सुरू करायला दोघं एकाच वेळी यायचो. तो विचारायचा, "काय, आज तुमची फेरी कुठल्या गल्लीत?" मी सांगायचो. तोही सांगायचा. प्रचार असाच चालला होता.

शेवटची सभा मारुतीच्या देवळासमोर. आमच्या पॅनेलनं तालुक्याहून एक वक्ता आणला होता. गर्दी खेचतो म्हणून त्याचं नाव होतं. तो आधी रस्त्यावर बोलला, पाण्याच्या टाकीवर बोलला. टाळ्या जेमतेम. मग त्यानं आवाज खाली आणला आणि म्हणाला, "या बाई सकाळच्या एसटीनं तालुक्याला जातात, दिवेलागणीला परत येतात. आता गट कुठला आणि बचत कसली..." वाक्य त्यानं तिथंच सोडलं. उरलेलं गर्दीनं पुरं केलं. शिट्ट्या वाजल्या.

मी व्यासपीठावर दुसऱ्या रांगेत होतो, डावीकडून तिसरा. मी हसलो. आमचे उमेदवार हसले, पॅनेलप्रमुख हसले, शेजारी बसलेले निवृत्त गुरुजी मान खाली घालून हसले. मोबाईलवरच्या व्हिडिओत माझा चेहरा स्वच्छ दिसतो. रात्री अकराच्या आत तो व्हिडिओ भावाकडे पोचला होता.

आमचं पॅनेल निवडून आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवर भाऊ आला नाही, त्यानं पोराला पाठवलं. तेव्हापासून मोटारीच्या पाळ्या पोरंच ठरवतात. वहिनीनं बचत गट सोडला. तालुक्याच्या एसटीत ती नंतर कुणाला दिसली नाही. दीड वर्षानं सोसायटीची निवडणूक आली तेव्हा दोन्ही पॅनेलच्या प्रमुखांनी जागा वाटून घेतल्या, एकाच गाडीवर उभं राहून गुलाल उधळला. त्याच महिन्यात माझी चुलती वारली. भाऊकी असल्यानं सुतक मला होतं, पण निरोप मला नव्हता. मी स्मशानात जाऊन मागे उभा राहिलो आणि तसाच घरी आलो.

गावात जे घडतं तेच वर मोठ्या प्रमाणात घडतं. २०१९ च्या नोव्हेंबरात, २०२२ च्या जूनमध्ये, २०२३ च्या जुलैमध्ये आपल्या राज्यात कोण कुणाबरोबर गेलं ते सगळ्यांनी पाहिलंय. काल ज्यांनी एकमेकांच्या घरादारापर्यंत बोलून घेतलं ते आज शेजारी बसून पत्रकार परिषद घेतात. त्यांना जमतं, कारण त्यांचा एकमेकांशी संबंध कामापुरताच असतो. ज्या कार्यकर्त्यांनी त्यांच्यापायी डोकी फोडून घेतली, ते मात्र एकाच गल्लीत राहतात. एकाच दळणाच्या गिरणीत जातात. त्यांच्या अंगावरच्या केसेस युती झाली म्हणून आपोआप निघत नाहीत.

माझं म्हणणं एवढंच आहे. वक्त्याची जीभ सुटली म्हणून आपण वक्त्याला दोष देतो, पण त्याला बळ मिळतं ते व्यासपीठावर बसलेल्यांच्या हसण्यातून. त्या रात्री आमच्यापैकी एकानं जरी उठून माइकवर हात ठेवला असता तर पुढचं काही झालं नसतं. थांबवायची जबाबदारी ज्याच्यासाठी मतं मागितली जातायत त्या उमेदवाराची, आणि आम्हा बाकीच्यांचीही. तुमच्याकडे काय अनुभव आहे? असं कुणी कुणाला थांबवलेलं पाहिलंय का?

ठाणेकर

वाचून गलबलून आलं. तुम्ही हे लिहिलंत हीच मोठी गोष्ट.

शहरात भाऊकी नसते, पण सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप असतो. विधानसभेच्या वेळी आमच्या ग्रुपवर एका महिला उमेदवाराचं जुनं छायाचित्र कापून-जोडून फिरवलं गेलं. टाकणारे आमच्याच मजल्यावरचे काका. मी ॲडमिन होते. 'प्रचार नको' एवढंच लिहिलं आणि गप्प बसले. छायाचित्र खोटं आहे हे मला माहीत होतं, पण ते लिहिलं नाही, उगाच वाद नको म्हणून. तुमच्या व्यासपीठावरची दुसरी रांग आणि माझं ॲडमिनपद यात मला काही फरक वाटत नाही.

काळा कोट

वकील आहे, त्यामुळे कायद्याच्या अंगानं थोडं लिहितो. 'कायदाच नाही' असं लोक म्हणतात. कायदा आहे. तो उपयोगी पडत नाही याची कारणं वेगळी आहेत.

आदर्श आचारसंहितेच्या पहिल्याच भागात लिहिलंय की इतर पक्षांवरची टीका त्यांची धोरणं, कार्यक्रम, पूर्वीची कामगिरी आणि काम यापुरती असावी. सार्वजनिक कामाशी ज्याचा संबंध नाही अशा खाजगी आयुष्यावर बोलू नये. पडताळणी न केलेल्या आरोपांवर किंवा मोडतोड केलेल्या माहितीवर टीका करू नये. कुणाच्या मतांचा निषेध म्हणून त्याच्या घरासमोर निदर्शनं करू नयेत, हेही त्यात आहे. या संहितेचं मूळ १९६० च्या केरळ विधानसभा निवडणुकीत आहे. तिथं पक्षांसाठी वागण्याचे नियम ठरले आणि पुढे निवडणूक आयोगानं ते देशभर नेले. संहिता म्हणजे संसदेनं केलेला कायदा नाही, पक्षांनी आपणहून दिलेला शब्द आहे. म्हणून तो मोडला तर आयोग समज देतो, फार तर काही तास प्रचारबंदी घालतो. एप्रिल २०१९ मध्ये योगी आदित्यनाथ आणि आझम खान यांच्यावर ७२ तासांची, मायावती आणि मनेका गांधी यांच्यावर ४८ तासांची बंदी आली होती. त्या काही तासांनंतर सभा पुन्हा सुरू.

आता लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम १२३ चं पोटकलम ४. उमेदवाराच्या वैयक्तिक चारित्र्याबद्दल खोटं विधान, ते खोटं आहे हे माहीत असून किंवा खरं आहे असं स्वतःलाही वाटत नसताना, निवडणुकीवर परिणाम व्हावा अशा रीतीनं पसरवणं हा 'भ्रष्ट मार्ग' आहे. त्यावर निवडणूक रद्द होऊ शकते. हे विधान उमेदवारानं किंवा त्याच्या प्रतिनिधीनं केलेलं असावं लागतं, आणि तिसऱ्यानं केलं असेल तर त्याला उमेदवाराची संमती असावी लागते. धागाकर्ते, तुमची दुसरी रांग कायद्यात इथं येते. कोर्टात आम्ही संमती सिद्ध करायला कागद शोधत बसतो. खरं तर संमती त्या हसण्यात असते, पण हसण्याचा पंचनामा होत नाही.

आणि वेळ. विलेपार्ल्याची पोटनिवडणूक डिसेंबर १९८७ मध्ये झाली. प्रचारातल्या धार्मिक आवाहनावरून मुंबई उच्च न्यायालयानं १९८९ मध्ये डॉ. रमेश प्रभू यांची निवड रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाचा शेवटचा निकाल आला ११ डिसेंबर १९९५ ला. ती विधानसभा १९९० मध्येच संपली होती. सांताक्रूझच्या १९९० च्या निवडणुकीतून निघालेल्या अभिराम सिंग खटल्यात सात न्यायमूर्तींचा निकाल लागला २ जानेवारी २०१७ ला, तोही चार विरुद्ध तीन. सव्वीस वर्षं! कायद्यानं सभ्यता येईल अशी वाट बघणाऱ्यांनी हे दोन आकडे लक्षात ठेवावेत.

(ही कलमं विधानसभा-लोकसभेची. ग्रामपंचायतीला वेगळा कायदा लागतो.)

ठिणगी

मला हा सूर पटत नाही, आणि स्पष्टच लिहितो.

सभ्य बोला, सभ्य बोला असं सांगणारे बहुतेक वेळा ज्यांचं सगळं ठीक चाललंय तेच असतात. ज्याची जमीन गेली, ज्याच्या उसाचं बिल दोन-दोन वर्षं थकलं, त्यानं कारखान्याच्या चेअरमनला 'माननीय' म्हणत बसायचं का? संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शंभरावर माणसं गोळ्या खाऊन पडली. तेव्हा अत्र्यांच्या 'मराठा' दैनिकानं सौम्य भाषा वापरली असती तर शिवाजी पार्क भरलं असतं का? शाहीर अमर शेख, अण्णा भाऊ साठे यांच्या आवाजात जी आग होती तिला तुम्ही असभ्य म्हणणार का?

आणि 'पूर्वी किती सुसंस्कृत राजकारण होतं' हे तर बोलूच नका. याच महाराष्ट्रात आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली होती. चारित्र्यावर चिखल उडवणं मोबाईलनं जन्माला घातलेलं नाही.

बांधावरचा

@ठिणगी, तुमचा राग मला कळतो. उसाच्या बिलासाठी मी स्वतः रस्त्यावर बसलोय. चेअरमनला 'चोर' म्हणालो असेन, आणि पुन्हा वेळ आली तर ताळेबंद हातात धरून पुन्हा म्हणेन. पण त्याच्या सुनेबद्दल बोललो नाही. आमच्या सभेत जे झालं त्यात उसाचं बिल नव्हतं, गेलेली जमीन नव्हती. त्या वक्त्याला वहिनीवर राग नव्हता, त्यानं तिला कधी पाहिलंही नव्हतं. त्याला टाळ्या हव्या होत्या.

जुना काळ सोन्याचा होता असं मीही म्हणत नाही.

खडूफळा

ठिणगी यांनी संयुक्त महाराष्ट्राचा विषय काढला म्हणून. त्याच लढ्यातला एक दिवस सांगतो.

३० नोव्हेंबर १९५७. प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण पंडित नेहरूंच्या हस्ते ठरलं होतं. मुंबईसह महाराष्ट्र अजून मिळालेला नव्हता, माणसं मेलेली होती, लोक नेहरूंवर संतापलेले होते. संयुक्त महाराष्ट्र समितीनं काळी निशाणं दाखवायचं ठरवलं. पसरणी घाटात रस्त्याच्या कडेनं माणसं उभी राहिली. घाटाचा रस्ता, एका बाजूला कडा, मधून पंतप्रधानांची गाडी. एक दगड पडला असता तर काय झालं असतं याची कल्पना करा. दगड पडला नाही. घोषणा झाल्या, निशाणं फडकली, गाड्या निघून गेल्या. समितीकडून एसेम जोशी आणि सरकारकडून यशवंतराव चव्हाण, दोघांनी आपापली माणसं धरून ठेवली होती. निषेध तसूभरही कमी झाला नाही. तीन वर्षांच्या आत, १ मे १९६० ला, राज्य मिळालं.

धारदार असणं आणि घाणेरडं असणं यातला फरक आमच्या पिढीला एसेमांकडे बघून कळायचा. दुसरं उदाहरण १९६७ चं. दक्षिण मुंबईत स. का. पाटील म्हणजे काँग्रेसचे अनभिषिक्त राजे. समोर सदतिशीही न गाठलेला जॉर्ज फर्नांडिस. प्रचाराचा सगळा भर कशावर, तर 'तुम्ही स. का. पाटलांना पाडू शकता' या एका वाक्यावर. त्यात पाटलांच्या घराबद्दल काही नाही, जातीबद्दल नाही. मतदाराला त्याची स्वतःची ताकद दाखवली आणि पाटील पडले. याहून झोंबणारी टीका दुसरी कुठली?

निवडणूक ड्युटी मी अकरा वेळा केली, त्यातल्या सहा वेळा केंद्राध्यक्ष म्हणून. मतदान केंद्रात आत जे दिसतं ते बाहेरच्यांना दिसत नाही, म्हणून लिहून ठेवतो. पहाटे साडेपाचला प्रतिनिधी येतात. वेगवेगळ्या पक्षांचे, काही आदल्या रात्रीपर्यंत एकमेकांच्या अंगावर धावून गेलेले. त्यांच्यासमोर अभिरूप मतदान, म्हणजे यंत्र तपासायचं चाचणीचं मतदान घ्यायचं, किमान पन्नास मतं. मोजणी जुळली की यंत्र मोकळं करायचं आणि मोहोरेवर सगळ्यांच्या सह्या घ्यायच्या. एकाच कागदी पट्टीवर, एकाखाली एक. मग एकाच बाकावर दिवसभर बसायचं. एखाद्या म्हातारीचं नाव सापडेना तर दोन्ही पक्षांचे प्रतिनिधी आपापल्या याद्या जोडून शोधतात. 'ती आमच्यातली हाय, तिला मत देऊ द्या' असं विरोधी पक्षाचा प्रतिनिधी सांगताना मी ऐकलंय, तिचं मत आपल्याला पडणार नाही हे माहीत असून. दुपारी डबा उघडला की चटणी सगळ्यांच्या भाकरीवर जाते.

माणसं तीच. सभेत एक वागणं आणि बाकावर दुसरं. बाकावर एकमेकांच्या डोळ्यांत बघावं लागतं. सभेत डोळे गर्दीकडे असतात.

ठिणगी

पसरणी घाटाचं मान्य. तिथं शिस्त ठेवणारी माणसं होती हेही मान्य. माझा मुद्दा मात्र कायम आहे: सभ्यतेच्या नावाखाली प्रश्न विचारायचं बंद होऊ नये.

पाणवठा

मी सहसा लिहीत नाही, वाचते. पण आज लिहिते. मी माजी सरपंच. मराठवाड्यातलं गाव, नाव नको.

माझ्या दुसऱ्या निवडणुकीत मतदानाच्या दिवशी पहाटे घराघराच्या दारात पत्रक टाकलं होतं. चहा करायला उठले तर उंबऱ्याच्या आत अर्धं सरकवलेला कागद. छापणाऱ्याचं नाव नाही, काढणाऱ्याचं नाव नाही. माझं आणि ग्रामसेवकाचं नाव जोडून चार ओळी आणि खाली 'एक जागरूक नागरिक'. माझी मुलगी तेव्हा नववीत होती. मी उठायच्या आत तिनं तो कागद वाचलेला होता. ती काही बोलली नाही. दप्तर भरताना तिनं फक्त विचारलं, "आई, आज शाळेत जाऊ का?"

मतदान शाळेतच होतं, त्यामुळे सुट्टी होती. हे तिच्या लक्षात राहिलं नव्हतं.

सासऱ्यांनी दुपारी सांगितलं, निवडून आलीस तरी पुढच्या खेपेला नाव घालायचं नाही. मी निवडून आले आणि पुढच्या खेपेला नाव घातलं नाही. स्थानिक स्वराज्य संस्थांत बायकांना आधी तेहतीस टक्के आणि २०११ पासून आपल्या राज्यात पन्नास टक्के जागा मिळाल्या. पण एका चार ओळींच्या पत्रकानं बाई घरी बसते आणि मग त्या राखीव जागेवर नुसती सही करणारी कुणाची तरी सून उभी राहते. कारभार नवरा नाहीतर सासरा बघतो. 'बाया काही करत नाहीत, नवरेच बघतात' असं पुन्हा आपणच म्हणतो.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. ठिणगी दादा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे ते. माझ्या पहिल्या पाच वर्षांत पाणीपट्टीची वसुली निम्मीसुद्धा झाली नव्हती. नळयोजनेचं विजेचं बिल थकलं, उन्हाळ्यात अकरा दिवस कनेक्शन तोडलेलं होतं. चूक माझी होती. भाऊकीतल्या घरांकडे मी वसुलीला जायला कचरले. त्या निवडणुकीत मला यावर कुणी एक प्रश्न विचारला नाही. एकानंही नाही. मी उत्तर तयार करून ठेवलं होतं, रात्र रात्र झोपले नव्हते, की सभेत कुणी उठून विचारलं तर काय सांगू. विरोधकांकडे खरा दारूगोळा होता आणि त्यांनी तो वापरलाच नाही, कारण घाण टाकणं सोपं होतं. त्या पत्रकानंतर गावातल्या बायका माझ्या बाजूनं उभ्या राहिल्या आणि मी जिंकले. पाणीपट्टीचा हिशेब कुणीच मागितला नाही.

म्हणून म्हणते, मला मऊ बोला असं माझं मागणं नव्हतं. मला धारेवर धरायला हवं होतं.

काळा कोट

पाणवठाताई, तुमचा शेवटचा परिच्छेद मी दोनदा वाचला. चाळीस वर्षांच्या वकिलीत हा मुद्दा इतका नेमका कुणी मांडलेला ऐकला नव्हता.

निनावी पत्रकाबद्दल एक माहिती, इतरांच्या उपयोगी पडेल. विधानसभा-लोकसभेच्या प्रचारात कुठल्याही पत्रकावर, फलकावर मुद्रक आणि प्रकाशक यांचं नाव-पत्ता छापणं बंधनकारक आहे, कलम १२७ क. मोडलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तसं पत्रक हाती आलं तर फाडू नका, जपून ठेवा. कुठं आणि किती वाजता मिळालं ते मागे लिहा आणि निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे लेखी द्या. आयोगाचं सी-व्हिजिल नावाचं ॲपही आहे, त्यावर छायाचित्र पाठवता येतं.

ठिणगी

पाणवठाताई, माझ्याकडे याला उत्तर नाही. मी कालपासून विचार करतोय. माझ्या तोंडी जी भाषा आहे तिनं मी किती चेअरमन, किती संचालक असेच सोडून दिले असतील, हिशेब न मागता. तुमच्या मुलीचं वाचून वाईट वाटलं.

सातासमुद्रापार

धागाकर्त्यांनी विचारलंय, असं कुणी कुणाला थांबवलेलं पाहिलंय का. मी अमेरिकेत राहतो, टीव्हीवर पाहिलेलं सांगतो.

१० ऑक्टोबर २००८. मिनेसोटातल्या लेकव्हिल इथं रिपब्लिकन उमेदवार जॉन मॅकेन यांची सभा. निवडणुकीला महिनाही उरला नव्हता आणि मॅकेन मागे पडले होते. एका बाईनं त्यांच्याच हातून माइक घेतला आणि म्हणाल्या, ओबामांवर माझा विश्वास नाही, तो अरब आहे. मॅकेन यांनी मान हलवत माइक परत घेतला. म्हणाले, नाही बाई, ते एक सभ्य, घरसंसाराचे गृहस्थ आहेत, या देशाचे नागरिक आहेत, माझे त्यांच्याशी मूलभूत प्रश्नांवर मतभेद आहेत आणि ही निवडणूक त्यासाठीच आहे. त्याच सभेत ओबामांबद्दल आदरानं बोलल्यावर त्यांच्याच समर्थकांनी हुर्यो केली होती. ते निवडणूक हरले.

त्या उत्तरातही एक खोट आहे, ती इथल्या अरब मित्रांनी मला दाखवून दिली. 'अरब नाही, सभ्य गृहस्थ आहे' म्हणताना अरब माणूस सभ्य नसतो असं नकळत ध्वनित होतं. ते खरं आहे. तरी हात पुढे करून माइक मागून घेणं, तेही आपल्याच माणसाकडून, हरायची वेळ आलेली असताना, हे मी माझ्या मतदानाच्या वयात एकदाच पाहिलं.

माणदेशी

आमच्या सांगोल्याचे गणपतराव देशमुख. अकरा वेळा आमदार. १९७२ ला आणि १९९५ ला पडलेसुद्धा, पडल्यावर पुन्हा एसटीनं फिरत राहिले. त्यांच्या सभेला लहानपणी वडिलांबरोबर गेलोय. विषय पाणी. टेंभू, म्हैसाळ, कुठल्या कालव्याचं काम कुठं अडलंय. विरोधकाचं नाव क्वचित यायचं. पोरांना कंटाळा यायचा, खरं सांगतो. पण म्हातारी माणसं उठत नव्हती, कारण पाणी कधी येणार ते त्यांना ऐकायचं होतं.

एक सावधगिरी मात्र सुचवतो. भांडणं नकोत म्हणून 'बिनविरोध करू' ही टूम निघते. कधीकधी ती खरंच समंजसपणानं होते, त्याला हरकत नाही. पण जानेवारी २०२१ च्या ग्रामपंचायत निवडणुकीत नाशिक जिल्ह्यातलं उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातलं खोंडामळी इथं सरपंचपदाचा लिलावच बोलला गेला आणि राज्य निवडणूक आयोगाला तिथली निवडणूक रद्द करावी लागली. तिथं शिवीगाळ झाली नव्हती, सगळं गोडीगुलाबीनं चाललं होतं. लढत हवीच. उमेदवार दोन हवेत, चार हवेत, आणि गावासमोर उभं राहून एकमेकांना हिशेब विचारणारे हवेत.

आमच्या शेजारच्या गावात गेल्या खेपेला तरुण मंडळानं सगळ्या उमेदवारांना एकाच पारावर बसवलं होतं. प्रत्येकाला सात मिनिटं, शाळेची घंटा वाजवून. नंतर गावाचे प्रश्न चिठ्ठीवर. पहिल्या घंटेलाच एक जण समोरच्याच्या भावाच्या दारूवर घसरला. लोकच ओरडले, 'गटारीचं बोला, गटारीचं.' मग तो गटारीचं बोलला.

बांधावरचा

सगळे प्रतिसाद वाचले, काही दोनदा. उशिरा उत्तर देतोय, कारण मधल्या दिवसांत दोन कामं केली.

पहिलं, माणदेशी यांची चिठ्ठ्यांची कल्पना घेऊन दोन्ही पॅनेलप्रमुखांकडे गेलो. एकानं सगळ्या उमेदवारांना एकत्र बसवायला नकार दिला, आमची माणसं ऐकणार नाहीत म्हणाला. दुसरा म्हणाला, बघू. दोघांना मी एवढंच मागितलं की तालुक्याहून वक्ता आणायचा नाही, आणि आपल्या सभेत कुणी घसरलं तर उमेदवारानं स्वतः उठून माइक घ्यायचा. दुसऱ्यानं हो म्हटलं. पहिल्यानं विचारलं, "तुम्ही कुणाच्या बाजूनं बोलताय?" मी सांगितलं की या खेपेला कुठल्याच पॅनेलमध्ये नाही. त्यावर त्याचा विश्वास बसला नाही, आणि त्याला मी दोष देत नाही.

दुसरं काम अवघड होतं. भावाच्या घरी गेलो. ओट्यावर बसायला कुणी म्हटलं नाही, मी पायरीवर बसलो. वहिनी दाराआड होती. मी म्हणालो, त्या दिवशी मी हसलो, ते चुकलं, मी उठायला हवं होतं. भाऊ काही बोलला नाही. बऱ्याच वेळानं आतून वहिनीचा आवाज आला, "तुमी हसला ते मला व्हिडिओत दिसलं. पण गुरुजीबी हसलं, त्यांनी मला शिकवलं व्हतं." एवढंच. चहा झाला नाही. मी उठून आलो.

आज सकाळी विहिरीवर पोरगाच आला होता. पण जाताना म्हणाला, "काका, उद्या रात्रीची लाइट आहे, पाळी तुमची, आबांनी सांगितलंय." एरवी निरोप मोबाईलवर येतो.

उद्या संध्याकाळी सात वाजता मारुतीच्या देवळासमोर पहिली सभा आहे. त्या दुसऱ्या पॅनेलची, ज्यांनी हो म्हटलंय. व्यासपीठावर बसायला बोलावलं होतं, मी नाही म्हणालो. खाली पहिल्या रांगेत बसणार आहे, माइकपासून चार हातांवर. गुरुजींनाही बरोबर या म्हणून सांगून आलोय.